15 ऑक्टोबरच्या आधी

माझं माहेर परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेवटाकडं. सासर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात ओझरच्या बाजूला, वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटाकडं. नकाशावर गोदावरीचं खोरं बघितलं तर सासर वर आणि माहेर खाली, पण आपापल्या कालव्यावर बघितलं तर दोघंही टेलवालेच, आणि लग्न होऊन आल्यापासून या दोन टेलांच्या मधे मी उभी आहे. ज्या वर्षी पाऊस बरा होतो त्या वर्षी कुणी काही बोलत नाही. पण ज्या वर्षी पैठणला, म्हणजे जायकवाडीच्या धरणात, पाणी कमी असतं त्या वर्षी नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं का हा वाद उठतो. सप्टेंबर संपत आला की भाऊ विचारायला लागतो, "आक्का, वर काय म्हणायलेत, सोडतेत का न्हाई?" आणि इकडं दीर चहा पिता पिता म्हणतात, "वहिनी, तुमच्या माहेरचे आले बघा आमचं पाणी न्यायला." दोघंही वाईट माणसं नाहीत. दोघांच्याही डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि दोघांनाही खरंच वाटतं की ते पाणी आपलं आहे.

या विषयावर खूप लिहिलं जातं, पण बहुतेक लिखाण एका बाजूने असतं, मराठवाड्याचा अनुशेष किंवा नाशिक-नगरवर अन्याय, आणि मला दोन्ही वाचून त्रास होतो. म्हणून जे दोन्ही घरांत बसून दिसलं ते लिहिते.

आधी थोडं मागचं. जायकवाडीचा पाया 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला आणि 1976 साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. उपयुक्त साठा, म्हणजे वापरता येणारं पाणी, जवळजवळ 77 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,830 कोटी लिटर, हे मुद्दाम सांगते कारण आपण टीएमसी टीएमसी करतो पण डोळ्यासमोर काही येत नाही. डावा कालवा 208 किलोमीटर आणि उजवा 132. आता 208 किलोमीटरच्या कालव्याच्या शेवटाकडं गाव असणं म्हणजे काय, तर आवर्तन, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी, सुटल्याची बातमी पेपरात येते, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीचा फोटो येतो आणि त्यानंतर कितीतरी दिवस चारी, म्हणजे शेताकडं येणारा छोटा कालवा, कोरडीच असते, मधल्या गावांच्या मोटारी, फुटलेलं अस्तर, झाडं उगवलेल्या मायनर, सगळं पार करून जे येतं ते आलं तर आलं. माझ्या वडिलांनी हरभरा पेरायचा का ज्वारी हे कधी पंचांगावरून ठरवलं नाही, वरच्या गावातल्या पाहुण्याला विचारून ठरवायचे, तुमच्याकडं पाणी आलं का म्हणून.

जायकवाडी झाल्यावर वरच्या बाजूला धरणं होत राहिली, भावली झालं, निळवंडे झालं, शिवाय भंडारदऱ्यासारखी इंग्रजांच्या काळातली होतीच. वरच्या तालुक्यांचा यात दोष नाही, त्यांनाही दुष्काळ होता, निळवंडेच्या कालव्यांची वाट बघत तर लोकांच्या पिढ्या गेल्या. पण नदी तीच, पाऊस तोच, हिस्सेदार मात्र वाढले. आणि 2012 चा दुष्काळ पडला तेव्हा पैठणला मृतसाठ्यापर्यंत, म्हणजे एरवी न वापरायच्या तळाच्या पाण्यापर्यंत, पातळी गेली, तेव्हाच्या औरंगाबाद शहराला प्यायला कुठून द्यायचं असा प्रश्न आला, आणि वरून पाणी सोडावं लागलं. तेव्हापासून हे भांडण दर कमी पावसाच्या वर्षी होतं.

कायद्यात याचं उत्तर आहे. 2005 साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यात कलम 12 मधे असं म्हटलंय की टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतली टक्केवारी शक्य तेवढी सारखी ठेवायची. मग 2013 मधे या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी अभ्यासगटाचा अहवाल आला, 2014 मधे प्राधिकरणाचा आदेश आला, की 15 ऑक्टोबरला हिशोब मांडायचा आणि जायकवाडीत खरिपाचा वापर धरून 65 टक्क्यांच्या आत उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं. हे कोर्टात गेलं, 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने तत्त्व मान्य केलं. 2015 ला 12.84 टीएमसी, 2018 ला 8.99, 2023 ला 8.6 टीएमसी सोडायचे आदेश निघाले. 2023 चं बहुतेक पाणी प्रवरा, दारणा आणि मुळा धरणांच्या समूहांतून होतं, आमचं वाघाड पालखेड समूहात येतं त्यामुळे आमच्यावर दरवेळी तेवढा भार येत नाही, पण भीती मात्र सगळ्यांनाच असते.

मला विचाराल तर कायदा बरोबर आहे, हे मी सासरच्या ओट्यावर बसूनही म्हणते आणि त्यावरून मला ऐकूनही घ्यावं लागतं. खोरं एक असेल तर तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची, यात मला तरी काही चुकीचं दिसत नाही. घरात धान्य कमी पडलं तर सगळ्यांच्या ताटात कमी पडतं, शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईचंच ताट रिकामं राहावं असं आता कुणी म्हणत नाही ना.

पण या सगळ्यात एक तारीख मला कायम टोचते, आणि ती म्हणजे 15 ऑक्टोबर.

आमच्याकडं द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबरमधे सुरू होते आणि ऑक्टोबरभर चालते. छाटणी केली म्हणजे तुम्ही त्या वर्षीचा सगळा खर्च करायचा निर्णय घेतला, पेस्ट लावणारी माणसं, औषधं, खतं, मजुरीची उचल, एकरी लाखांत जातं हे. एकदा बाग छाटली की थांबता येत नाही, फूट निघाली की तिला पाणी पाहिजेच आणि पुढं मणी फुगायच्या वेळेला तुटलं तर माल हातचा गेला. आणि हिशोब कधी होणार तर 15 ऑक्टोबरला. त्यानंतर बैठक, मग आदेश, मग मोर्चे, कोर्ट, शेवटी प्रत्यक्ष पाणी सुटतं नोव्हेंबरच्या शेवटाकडं. म्हणजे ज्याला पाणी कमी मिळणार त्याला हे कळतं कधी, तर त्याने सगळं करून झाल्यावर. मग त्याला ते हिसकावून नेल्यासारखं वाटणारच.

तिकडं भावाचं बघा. ज्वारी, हरभरा पेरायचा तो ऑक्टोबरमधे, गहू फार तर नोव्हेंबरमधे. पाणी पैठणला पोचणार डिसेंबर उजाडता उजाडता, तिथून कालव्याला कधी सुटणार माहीत नाही. मग तो काय करतो, तर कोरडवाहू धरून पेरतो. आणि नंतर पाणी आलंच तर त्याचा जेवढा व्हायला पाहिजे तेवढा उपयोग होत नाही, कारण त्याने पाण्याचं पीक घेतलेलंच नसतं! इतकं भांडून आणलेलं पाणी आणि ते वेळ टळून गेल्यावर येतं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

आणि वाटेत जे होतं ते वेगळंच. नदी कोरडी पडलेली असते, कोरडं पात्र आधी स्वतः पाणी पितं. मधल्या केटी (कोल्हापुरी) बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नदीकाठच्या मोटारींची लाईट बंद करावी लागते, पोलीस लावावे लागतात. ज्यांची लाईट जाते त्यांच्या गोठ्यातल्या गुरांनाही पाणी लागतंच की, त्यांचा यात काय गुन्हा. हेच पाणी सप्टेंबरमधे पात्र ओलं असताना सोडलं असतं तर वाटेत कमी जिरलं असतं, हे समजायला इंजिनीयर व्हायला लागत नाही.

आता सासरकडची गोष्ट सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते मी तिथंच शिकले.

वाघाड धरण तसं लहान, सव्वादोन टीएमसीच्या थोडं वर. कोळवण नदीवर, दिंडोरी तालुक्यात. ओझर त्याच्या कालव्याच्या शेवटाला, आणि सुरवातीची वर्षं ओझरला कालव्याचं पाणी असं धड कधी मिळालंच नाही. सासरे सांगतात, कागदावर आम्ही लाभक्षेत्रात, शेतात मात्र धूळ. मग समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी लोकांना एकत्र आणलं आणि 1990-91 च्या सुमाराला शेतकऱ्यांनी स्वतः पाणी वाटायच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या, महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. त्या काळात शेतकऱ्यांनी पाणी चालवायचं म्हणजे लोकांना वेडेपणा वाटायचा, पाटकरी आणि कालवा निरीक्षक असताना तुम्ही कोण.

त्यांनी जे केलं त्यातली पहिली गोष्ट म्हणजे माप. संस्थेच्या तोंडाशी पाणी मोजून घ्यायचं, एवढे दशलक्ष घनमीटर आमचे, तेवढ्याचेच पैसे आम्ही भरणार. पूर्वी पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर असायची, मग ज्याच्या हातात दार तो रात्रभर पाणी सोडून झोपला तरी आकारणी तेवढीच. घनमापावर आल्यावर वाया घालवलेलं पाणी खिशाला लागायला लागलं. आत शेतकऱ्यांना तासावर पाणी, तुझे इतके तास, संपले की दार बंद. पीक काय घ्यायचं ते तुझं तू बघ. याच्यामुळेच द्राक्ष वाढलं आमच्याकडं, सरकारने सांगून नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. बाणगंगेवर बंधारे घालून त्यात कालव्याचं पाणी सोडलं, ते जिरून विहिरींना आलं, आणि मग विहिरीवाल्यांकडूनही पाणीपट्टी घ्यायची असं ठरलं. विचार करा, स्वतःच्या विहिरीतल्या पाण्याचे पैसे दुसऱ्याला द्यायचे! किती भांडणं झाली असतील. पण हळूहळू लोकांना पटलं की विहिरीत आलेलं पाणी आकाशातून आलेलं नाही, ते कालव्यातूनच आलंय. आज विहीर-बोअरचा प्रश्न आला की सगळे तज्ज्ञ हेच सांगतात की भूजल आणि कालवा एकत्र मोजा, ओझरच्या लोकांनी ते कधीच करून दाखवलं.

आणि तिसरी म्हणजे टेलवाल्यांनी हेडवाल्यांना बरोबर घेतलं. खाली संस्था चालायला लागल्यावर वरच्यांना दिसलं की यांना ठरलेल्या दिवशी पाणी मिळतं, आपल्याला मात्र साहेबाच्या मागं फिरावं लागतं. हळूहळू वरही संस्था झाल्या आणि 2003 साली अख्ख्या प्रकल्पाची एक महासंस्था झाली, धरणाच्या दारापासून शेतापर्यंत शेतकऱ्यांच्या हातात. पाणी टेलकडून हेडकडं. शेवटच्याचं झालं की वरच्याचं. हा नियम जुन्या शेजपाळीतही, म्हणजे पाळीपाळीने पाणी द्यायच्या सरकारी पद्धतीतही, होता, पण पाळायला शेवटचा माणूस निर्णयाच्या खोलीत असावा लागतो, तो नसला की नियम कागदावरच राहतो.

2005 साली सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन असा कायदा झाला त्यात हे आलं, की संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल तिन्हीकडचे सारखे लोक पाहिजेत आणि बायकाही पाहिजेत. मी आमच्या संस्थेत बायकांच्या जागेवर बसते. यांनी सातबाऱ्यावर माझं नाव लावलं म्हणून बसू शकले, हे विसरून चालणार नाही. शेजारच्या तिघी-चौघी माझ्यापेक्षा जास्त दारं धरतात, रात्रीच्या लाईटला बॅटरी घेऊन त्याच जातात, पण त्यांचं नाव कुठंच नाही म्हणून त्या सभासद नाहीत. हितसंबंध, भागधारक असले शब्द मिटिंगला येतात तेव्हा मला त्याच दिसतात.

आणि मजूर. आमच्या बागांत छाटणीला, विरळणीला, खुडणीला पेठ-सुरगाण्याकडून माणसं येतात. तिकडं आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, बहुतेक पाणी पश्चिमेला गुजरातकडं वाहून जातं, आणि मार्च-एप्रिलमधे त्यांच्या पाड्यांवर बायका झऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. ती माणसं आमच्या कोट्याच्या पाण्यावर राबतात पण कोट्यात त्यांचा थेंब नाही. पुरंदरमधे विलासराव साळुंखेंनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली तिथं पाणी जमिनीवर नाही, माणसी वाटलं होतं, माणसी अर्धा एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही हक्क. पन्नास वर्षं झाली त्याला. आपण नावं घेतो, पुरस्कार देतो, पण कायद्यात अजून पाणी जमिनीलाच बांधलेलं आहे.

शहराबद्दल थोडंच लिहिते. पवना धरणाचं पाणी बंद पाईपने पिंपरी-चिंचवडला न्यायच्या विरोधात मावळात 9 ऑगस्ट 2011 ला आंदोलन झालं, गोळीबारात तीन शेतकरी गेले. शहराला प्यायचं पाणी आधी, याला आमच्यातला कुणीही नाही म्हणणार नाही. पण शहर वापरतं त्यातलं बरंचसं सांडपाणी म्हणून बाहेर येतं, ते नीट शुद्ध करून परत शेतीला द्यायचं हे जोवर मोजून, वेळेत होत नाही तोवर प्रत्येक वाढीव कोटा म्हणजे कुणाच्या तरी आवर्तनातली एक पाळी कमी. आणि ती बहुतेक वेळा उन्हाळी पाळी असते आणि बहुतेक वेळा टेलची असते.

परत मूळ मुद्द्यावर. वाघाडवर पावसाळा संपला की धरणात किती आलं ते बघून प्रत्येक संस्थेचा कोटा ठरतो, कमी असेल तर सगळ्यांचा सारख्या प्रमाणात कमी, रब्बीला किती पाळ्या, उन्हाळ्याला किती, हे सगळ्यांसमोर लिहिलं जातं. माझ्या शेजाऱ्याला माहीत असतं की यंदा आपल्याला इतकेच तास आहेत, मग तो त्या हिशोबाने एक एकर सोडून देतो किंवा शेततळं आधी भरून ठेवतो. त्यालाही कमीच मिळतं, पण तो रस्त्यावर उतरत नाही.

जायकवाडीच्या बाबतीत नेमकं हेच होत नाही. आणि होऊ शकतं! मेंढेगिरी गटाने तक्ते दिलेले आहेत, जायकवाडीत इतके टक्के असेल तर वरच्या कुठल्या समूहाने किती टक्क्यांवर थांबायचं. ऑगस्टच्या शेवटी पैठणला किती आलंय ते रोज पेपरात असतं. मग तेव्हाच वरच्या प्रत्येक संस्थेला का सांगता येऊ नये की आजच्या घडीला तुमच्या कोट्यातला इतका भाग खालच्यांचा दिसतोय, पुढं पाऊस झाला तर तुम्हाला परत मिळेल, नाही झाला तर हा धरूनच छाटणी करा. आणि खालच्यांनाही सांगा की निदान एवढं येणार, पेरा. आमच्याकडची पाच-सहा माणसं तरी त्या वर्षी सगळी बाग छाटणार नाहीत याची मला खात्री आहे. आता त्या तक्त्यांचा फेरविचार करायला नेमलेल्या मांदाडे अभ्यासगटाने 65 चं 58 टक्के करायची शिफारस केली आणि दोन्हीकडं त्या आकड्यावर वाद चाललाय. 65 काय आणि 58 काय, तो आकडा ऑक्टोबरच्या मधे जाहीर होणार असेल तर पाणी सुटणार नोव्हेंबरमधेच आणि लोक चिडणार तेवढेच.

हे मी भावाला सांगितलं तर तो आधी चिडलाच. "आक्का, तू तिकडली झालीस. 65 चं 58 झालं तर आमच्याच ताटातलं कमी व्हायलंय, अन् तू तारखा सांगायलीस." त्याचं बरोबर आहे, सात टक्के म्हणजे 77 तले पाच टीएमसीच्या वर होतात, ते काही थोडं नाही, आणि ते कमी करायला माझाही विरोध आहे. मग तो म्हणाला, "समजा ऑगस्टात ठरलं, तरी वरचे पाळतेत कशावरून? मोजणार कोण?" दीरांनी पण नेमकं उलट्या बाजूने हेच विचारलं, आम्ही दहा सोडले आणि तिकडं पाचच पोचले तर बाकीच्याचा हिशोब कोण देणार, आणि पैठणच्या एवढ्या पसरट धरणातून उन्हाने उडून जातं त्याचं काय. दोघांनाही एकमेकांवर विश्वास नाही, पण दोघंही मापाचंच विचारतायत.

या वर्षीच्या वार्षिक सभेला मी ठराव देणार आहे, मसुदा लिहून झालाय. एक, आमच्या संस्थेच्या कोट्याच्या तक्त्यात खालच्या खोऱ्याचा संभाव्य वाटा म्हणून वेगळा रकाना घालायचा आणि तो गोडी छाटणी सुरू व्हायच्या आधी सभासदांना कळवायचा. दोन, पाणी सोडलं तर धरणाच्या दाराशी, वाटेतल्या प्रत्येक बंधाऱ्यावर आणि पैठणला किती मोजलं ते रोजच्या रोज जाहीर करा, अशी मागणी वरून आणि खालून दोन्हीकडच्या संस्थांनी एकत्र करायची, एकाच कागदावर सह्या. दीर म्हणतात पहिला ठराव पडेल. पडू शकतो, हेडचे लोक विरोधात आहेत. दुसऱ्याला मात्र त्यांची सही मिळाली, आणि भावाने त्याच्या चारीवरच्या संस्थेच्या चेअरमनला कागद दाखवलाय, ते वाचून सांगतो म्हणालेत.